जळूचं वर्तुळ

६ नोव्हेंबर, सोमवार

आज टीमने मला हाकललं नाही. एवढंच लिहायला वही उघडली होती, पण आता उघडलीच आहे तर नीट लिहिते.

आमच्या गेममध्ये प्रत्येकाला सुपरहिरो बनून हातातून आग काढायची असते, नाहीतर एका बुक्कीत इमारत पाडायची असते. मी जो प्रकार निवडलाय तो कुणी घेत नाही. माझी हिरोईन फारसं मारतच नाही. ती नुसती शत्रूजवळ जाऊन उभी राहते. तिच्याभोवती जांभळं वर्तुळ असतं. त्या वर्तुळात जो येईल त्याची निळी पट्टी, म्हणजे त्याची शक्ती, उतरत जाते. संपली की मग तो केवढाही मोठा राक्षस असो, आग नाही, वीज नाही, उडणं नाही. उकडलेल्या बटाट्यासारखा नुसता उभा. मग बाकीचे येऊन त्याला बडवतात.

आजवर ज्या टीममध्ये गेले तिथे थोड्या वेळात एकच प्रश्न. तू नक्की करतेस काय? आणि बाहेर. आजच्या कप्तानने पण विचारलं. मी टाइप केलं, "थांबा आणि बघा." मग जो सगळ्यांना लोळवत होता त्या राक्षसाला जाऊन चिकटले. सोडलंच नाही. त्याची पट्टी संपली तेव्हा तो हात वर करून तसाच थिजला होता. कप्तान एवढा हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, "अरे, ही तर जळू आहे! अंगाला लागली की सुटतच नाही."

तेव्हापासून मी जळू. चिडवायला ठेवलेली नावं मला चांगली ओळखू येतात, शाळेत भरपूर मिळाली. हे तसं नव्हतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

टीममध्ये चौघं आहोत. कप्तान आग फेकतो. भिंत म्हणून एक बाई आहे, ती सगळ्यांचा मार अंगावर घेते. तिच्या माइकमधून कायम लहान मुलाचं रडणं येतं आणि ती राक्षसाशी लढता लढता "नाक नको पुसू रे पडद्याला" असं ओरडते. टाचणी लांबून बाण मारतो. तो शाळेत आहे आणि फार बोलतो. आणि मी. मी टाइप करते.

आज कप्तान म्हणाला, "जळू, टाइप करून चालणार नाही. पट्टी संपली की त्याच क्षणी तू ओरडायला हवं, 'रिकामा!' असं. तू लिहून, आम्ही वाचून, तोपर्यंत तो परत भरतो."

मी लिहिलं, माझ्याकडे माइक नाही.

खोटं. माइक आहे. आवाज नाही. म्हणजे आहे, पण कुणी ऐकायला लागलं की आत जाऊन बसतो. नववीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं, मी उभी राहिले, आणि तास संपेपर्यंत तशीच उभी. सगळा वर्ग हसत होता. त्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. आई म्हणाली, बरं, मामाच्या हाताखाली काम शीक.

१३ नोव्हेंबर, सोमवार

बोलले!

दुपारी मामा गाडीत धुतलेल्या चादरी भरून हॉटेलांना पोचवायला गेला. तीच माझी खेळायची वेळ. मामाला माहीत आहे. तो म्हणतो, "चादर जळाली नाही म्हणजे झालं, बाकी तू राक्षस मार नाहीतर माशा." लॉन्ड्रीत पुढे काउंटरवर आई बसते. मध्ये धुण्याची मोठी यंत्रं. सगळ्यात मागे बॉयलर, आणि त्याला लागून माझी इस्त्रीची खोली. इथूनच जिना वर जातो, वर आम्ही राहतो. ताईची खोली बरोबर माझ्या डोक्यावर आहे. ताईला सातवा महिना आहे. भाऊजी जहाजावर असतात म्हणून ती आमच्याकडे आलीय.

तर हेडफोन लावला आणि डोळे मिटून म्हटलं, "रिकामा."

मग टाचणी म्हणाला, "कोण बोललं? आणि हा धर्रर्र आवाज कसला? पिठाच्या गिरणीत बसलीस का?"

भिंत म्हणाली, "विमानात बसलीय ती. जळू, खिडकीची सीट मिळाली का गं?"

सगळे हसले. मी पण हसले, पण कान तापले. तो धर्रर्र म्हणजे बॉयलरवरचा पंखा, हवा बाहेर ओढणारा. मामाचा नियम आहे, बॉयलर चालू तर पंखा चालू, नाहीतर वाफ कोंडते. मी म्हटलं थोडा वेळ वाफ कोंडली तर काय होतंय. बटण बंद केलं.

परत आल्यावर म्हटलं, "आता?"

कप्तान म्हणाला, "आता काचेसारखा. छान आवाज आहे की तुझा, लपवत कशाला होतीस?"

मामाची गाडी वाजली तशी पळत जाऊन पंखा लावला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज जिंकतोय. मी ओरडते, ते तुटून पडतात. कप्तान म्हणतो, पूर्वी या राक्षसाला मारायला दोन टीम लागायच्या. टाचणी म्हणतो, मोठा झाल्यावर त्याला पण जळू व्हायचंय. भिंतीचा मुलगा पण मागून "लिकामा, लिकामा" ओरडतो.

रस्त्यावरचे हॉर्न माइकमध्ये येत होते म्हणून बॉयलरच्या बाजूच्या, हवा यायच्या जाळीत फाटके टॉवेल कोंबले. थंडी पण वाढलीय, गार वारा तिथूनच यायचा. यंत्रांकडचं दार पण लावून घेते. आता खोली एकदम शांत. फक्त मी आणि ते.

पंखा बंद असला की ऊब वरपर्यंत जाते. संध्याकाळी ताई म्हणाली, "आज जमीनसुद्धा गरम होती गं. कुणीतरी माझी काळजी घेतंय."

मला बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

मामा ओरडला. पांढऱ्या चादरींवर काळी भुकटी पडली होती, सगळ्या परत धुवाव्या लागल्या. तो म्हणाला, "बॉयलर काजळी सोडायला लागला वाटतं. मेकॅनिकला बोलवायला हवं." मग मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला येतो. तो नेहमीच येतो म्हणतो.

मी आत डोकावले. ज्योत निळी असायची, ती आता पिवळी, लांब, हलती. दिसायला मस्त दिसते. शेकोटीसारखी.

ताई दुपारी जेवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. एरवी ती मला जिन्यावरूनच छळते, "काय मौनीबाबा, आज किती शब्द खर्च केले?" असं. आज नुसती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

माझं पण डोकं दुखतं. स्क्रीनमुळे असणार.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आई ताईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण म्हणाली, रक्त कमी आहे, या दिवसांत थकवा यायचाच, गोळ्या घ्या आणि दुपारी झोपा. म्हणून ताई आता रोज दुपारी झोपते. खिडकी लावून, पांघरूण घेऊन.

संध्याकाळी मी तिचे पाय दाबत होते. ती म्हणाली, "सकाळी मी बरी असते गं. दुपारनंतर आत कुणीतरी नळी लावून ओढून घेतल्यासारखं होतं. हे बाळ आहे की बॅटरी खाणारा प्राणी?"

ती हसली. माझे हात थांबले.

नळी लावून ओढून घेतल्यासारखं. दुपारनंतर.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज लॉन्ड्री बंद. मी खेळले नाही, मुद्दाम. ताई सकाळपासून टवटवीत. तिने माझे केस ओढून वेणी घातली, मामाच्या टकलावर विनोद केला, दोनदा मागून जेवली. आई म्हणाली, "गोळ्या लागू पडल्या हो."

मी मात्र मनात हिशोब जुळवत बसले होते. हे लिहावं की नाही कळत नाही. कुणी वाचलं तर मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. पण वही माझी आहे.

माझ्या हिरोईनचं वर्तुळ वरच्या मजल्यापर्यंत जातं. गेममध्ये जातं, मी स्वतः बघितलंय. इमारतीत खाली उभं राहिलं की वरच्या माळ्यावरच्या शत्रूची पट्टी पण उतरते. भिंती, छत, काही आड येत नाही. आणि ताई बरोबर माझ्या डोक्यावर झोपते.

मला माहितीय असं नसतं. पण मी या टीमबरोबर खेळायला लागल्यापासूनच ती अशी झाली. आणि मी तर काय, चिकटले की सुटत नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

काल फक्त एक डाव खेळले. एकच. खात्री करायला. पंखा बंद केला, दार लावलं, खेळले. वर गेले तर ताई ओकत होती. आई पाठीवरून हात फिरवत होती. ताईचे डोळे माझ्यावर होते पण मी तिला दिसत नव्हते.

म्हणजे खरं आहे.

आज टीमला लिहिलं, माझी तब्येत बरी नाही, काही दिवस येणार नाही. माइक न लावताच लिहिलं.

टाचणीने रडक्या तोंडांचं चित्र पाठवलं. भिंत म्हणाली, "आराम कर गं बाई, राक्षस कुठे पळून जात नाहीत."

२ डिसेंबर, शनिवार

मी खेळत नाही आणि ताई बरी आहे. रोज थोडी थोडी बरी. काल तर तिने जिन्यावरून हाक मारली, "मौनीबाबा, खाली एकटी काय करता? राक्षसांनी संप केला का?"

मी म्हटलं, "कंटाळा आला."

ती म्हणाली, "खोटं. तू आत्ता कुठे माणसांशी बोलायला लागली होतीस. वरपर्यंत ऐकू यायचं मला. 'रिकामा, रिकामा!' केवढ्या जोरात! मी आईला म्हटलं, बघ, आपल्या घरात पण आवाज आहे." मग म्हणाली, "खेळ की. मला आवडायचं ते ऐकत झोपायला."

जिच्या अंगातून मी ओढून घेत होते तीच मला खेळ म्हणतेय. मी इस्त्री अशी जोरात दाबली की चादरीवर पिवळा त्रिकोण उठला. मामाला अजून दाखवला नाही.

दिवसभर कुणाशी बोलले नाही तर घसा कसा गंजल्यासारखा होतो, हे मी विसरले होते.

कप्तानचा निरोप आलाय. मंगळवारी सगळ्यात मोठी लढाई आहे, काळोख्याची. वर्षातून एकदाच येतो. "जळूशिवाय जाण्यात अर्थ नाही. नसशील येत तर आम्ही पण नाही जात."

माझ्यासाठी कुणी कुठे जायचं थांबलंय, असं आजवर झालं नव्हतं.

३ डिसेंबर, रविवार

उपाय सापडला!

माझ्या प्रकाराची एक दुसरी फांदी आहे, ती कुणीच वापरत नाही. सगळे पॉइंट तिकडे वळवले की ओढलेली शक्ती आपल्याकडे राहत नाही, वर्तुळातल्या आपल्या माणसांना वाटली जाते. शत्रूचं घ्यायचं आणि आपल्यांना द्यायचं. सकाळी बसून सगळे पॉइंट उलटे केले. मग लॉन्ड्री बंद, मामा झोपलेला, म्हणून निवांत इस्त्रीच्या खोलीत बसून दुपारभर खेळले. पंख्याचा प्रश्नच नव्हता, बॉयलरच बंद.

आणि वर ताई गाणं म्हणत होती! कपड्यांच्या घड्या घालत, बेसूर, मोठमोठ्याने. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. वर गेल्यावर माझा चेहरा बघून आई म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली?"

मला कळलंय आता. ताईकडून घेतलेलं मी तिला परत देऊ शकते. बाळाला पण. मंगळवारी काळोख्या येईल. त्याच्याकडे सगळ्यात जास्त शक्ती असते, समुद्रासारखी. ती सगळी ओढायची आणि वर पाठवायची.

कप्तानला निरोप टाकला, येते.

४ डिसेंबर, सोमवार

मेकॅनिक आज पण आला नाही. मामाने फोनवर त्याच्या सगळ्या खानदानाची चौकशी केली.

उद्यासाठी तयारी केली. जाळीतले टॉवेल जरा सैल झाले होते, ते नीट बसवले. ताईला सांगितलं, उद्या दुपारी खोलीतून हलू नकोस, मस्त झोप. ती म्हणाली, "का? मला कुठे विकणार आहेस का?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी आहे काहीतरी." तिने माझ्याकडे बघितलं आणि गालाला चिमटा काढला.

८ डिसेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलमध्ये आहे. हाताला सलाइन लावलंय म्हणून अक्षर असं येतंय. मामाने घरून कपडे आणले, त्यात ही वही आली. मीच मागितली होती.

मंगळवारचं लिहायचंय. सगळं आठवत नाही.

मामा गेला. पंखा बंद केला, दार लावलं. त्या दिवशी लोड जास्त होता, बॉयलर पूर्ण जोरात होता. काळोख्या आला. पहिल्यांदा सगळं ठीक होतं. मी ओढत होते, आणि मला खरंच वाटत होतं की ते माझ्यातून वर जातंय. डोकं दुखत होतं, पण मी म्हटलं, एवढं सगळं अंगातून जातंय, दुखणारच.

मग बोटं चुकायला लागली. मी "रिकामा" म्हटलं. टाचणी म्हणाला, "जळू, काय म्हणालीस? तोंडात कापूस आहे का?"

मी परत म्हटलं.

भिंत म्हणाली, "ए, ही नीट बोलत नाहीये. जळू? बाळा, पाणी प्यायलीस का?"

कप्तान ओरडला, "लढाई सोडा. जळू, तू ठीक आहेस का?"

मला वाटलं शक्ती पुरेशी पोचली की नाही ते बघून यावं. हेडफोनला वायर नाही, तसाच डोक्यावर राहिला. जिना चढताना पाण्यातून चालल्यासारखं होत होतं. कठडा धरला तरी हात सुटत होता.

ताई पलंगावर होती. गाल गुलाबी, एकदम छान. मला वाटलं, बघ, पोचली शक्ती. मी हाक मारली. हलवलं. तिचा हात उचलला आणि सोडला, तो पडला. रिकामा. निळी पट्टी संपल्यावर राक्षस होतो तसा.

आईला हाक मारली. खाली यंत्रं चालू, मध्ये दार मीच लावलेलं. माझा आवाज जिन्यातच मेला.

कानात भिंत विचारत होती, "काय झालं? कुणाला हाक मारतेस?"

मी म्हटलं, "ताई उठत नाही. तिच्या पोटात बाळ आहे. मी ओढून घेतलं सगळं."

"काय ओढलंस? घरात काय चालू आहे? चूल? गॅस?"

"बॉयलर."

कप्तान म्हणाला, "तुझ्याकडे तो पंखा होता ना? तो धर्रर्र? तो कुठाय?"

मी म्हटलं, "बंद केला. तुम्हाला आवाज यायचा म्हणून."

भिंतीचा मुलगा रडायचा थांबला होता. कदाचित मलाच ऐकू येत नव्हतं.

मग भिंत किंचाळली, "खिडकी! खिडकी उघड, आत्ता!" आणि कप्तान विचारत होता, कुठे राहतेस, कुठे राहतेस. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी लॉन्ड्रीचं नाव सांगितलं, रस्त्याचं नाव सांगितलं, मामाने पाटीवर लिहिलंय तसं सगळं, फोन नंबरसकट, एकेक शब्द. तो म्हणाला, "परत. मोठ्याने." मी परत सांगितलं.

खिडकीची कडी अडकली होती. स्टूल उचलता येईना, मग त्याला नुसतं ढकललं. काच फुटली एवढं आठवतं.

पुढचं आईने सांगितलं. म्हणजे मामाला सांगितलं, मी ऐकलं. काउंटरवरचा फोन वाजला. आई म्हणाली, "लॉन्ड्री, बोला." तर कुणी अनोळखी माणूस खोकत ओरडला, "वर जा, तुमच्या मुली वर आहेत, सगळी दारं उघडा, बॉयलर बंद करा!" आईला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. ती म्हणाली, "कोण तुम्ही?" तो म्हणाला, "मी तिच्या टीममधला. पळा!"

आई पळाली.

९ डिसेंबर, शनिवार

सकाळी एक साहेब आले होते, तपासणीवाले. मामाला बाहेर घेऊन बोलत होते, दार उघडं होतं म्हणून मला ऐकू येत होतं. ते सांगत होते, धूर दिसत नाही, वास येत नाही, पण तो विषारीच असतो. ज्योत पिवळी झाली की जास्त. पंखा त्याच्यासाठी होता. जाळी पण त्याच्यासाठी होती. साहेबांनी मामाला विचारलं, पंखा बिघडला होता का?

मामा म्हणाला, "असेल. मेकॅनिकला आधीच..."

मी पलंगावरून म्हटलं, "चांगला होता. मी बंद करायचे. टॉवेल पण मीच कोंबले."

मामा आत आला. मला वाटलं मारेल. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "मी तुला वाफेसाठी म्हटलं होतं ना? वाफ कोंडते म्हणून. मला पण तेवढंच माहिती होतं गं."

आई माझ्याशी बोलत नाही. येते, डबा ठेवते, चादर नीट करते, जाते.

माझं कुठलंही वर्तुळ नव्हतं. मी दिवसभर हेच घोकतेय. वर्तुळ असतं तर बरं झालं असतं. मग तो माझा दोष नसता, माझा प्रकारच तसा होता म्हणता आलं असतं.

१० डिसेंबर, रविवार

ताईला काल रात्री शुद्ध आली. नाकावर मास्क आहे. आज मला तिच्याकडे जाऊ दिलं.

बाळाचे ठोके लागतायत. डॉक्टर म्हणाले, ठोके आहेत पण आम्हाला हवेत तसे नाहीत. बाळ हललं की लगेच सांगा. शुद्धीवर आल्यापासून ताईला काही जाणवलं नाही.

मी दारात उभी राहिले. तिने मास्क बाजूला केला. आईने तिला सगळं सांगितलंय, हे तिच्या डोळ्यांवरून कळलं. मला वाटलं म्हणेल, जा. ती म्हणाली, "बस इथे." मग माझा हात घेऊन पोटावर ठेवला आणि म्हणाली, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. नर्स म्हणते आवाजाने हलतात कधीकधी. आईला रडू येतं, मामाला विषय सुचत नाही. तू बोल."

मी म्हटलं, "मला नाही येत."

ताई म्हणाली, "आता नाही येत म्हणायचं नाही."

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. तिथे जे दिसलं ते सांगायला लागले. एक बाई छत्रीने टॅक्सी थांबवतेय. टॅक्सीवाला तिला बघून पुढे गेला. एक माणूस कुत्र्याला ओढतोय, कुत्रा जागचा हलत नाही. हलत नाही म्हटल्यावर जीभ चावली, पण ताई म्हणाली, "पुढे." मग सांगितलं, माणसाने कुत्र्याला उचलून घेतलं, कुत्रा त्याचा कान चाटतोय. पुढे. फळवाला आणि त्याची बायको भांडतायत, ती जिंकणार असं दिसतंय. पुढे. रस्ता संपला तेव्हा आमच्या लॉन्ड्रीचं सांगितलं, मग भिंतीच्या मुलाचं, मग टाचणीचं. बोलत राहिले. नर्सची पाळी बदलली, मी बोलत होते. हाताखाली पोट घट्ट आणि गरम होतं, एवढंच.

आत्ता मला बाहेर काढलंय. आत मोठं यंत्र नेलंय, त्यांना परत बघायचंय. दार बंद आहे. आई समोरच्या बाकावर आहे. तिने मघाशी न बोलता पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

घसा पार बसलाय. आत बोलावलं की लगेच सुरू करता यावं म्हणून पाणी पिऊन ठेवलंय.